आरशासमोरची खुर्ची

थोरलीचा धंदा विग करण्याचा. गल्लीतली टवाळ मंडळी म्हणत, सगळं जग एकमेकांना चोरून टोप्या घालतं, ही बाई तेवढी पाटी लावून घालते. थोरलीला विनोद जरा उशिरा कळायचे, पण एकदा कळला की दिवसभर पुरायचा. सुई हातात धरून ती मध्येच एकटी हसायची आणि शेजारी बसलेल्या दोघी कारागीर बायका एकमेकींकडे बघायच्या.

तिची सुरुवात नाटकाचे कपडे भाड्यानं देणाऱ्या दुकानात झाली. राजाचे कुरळे केस, म्हातारीचा पांढरा अंबाडा, खलनायकाच्या मिशा, असलं सगळं ती तिथं शिकली. वडील गेले तेव्हा धाकटी बहीण शाळेत होती, आई हबकून गेली होती, आणि घर कोणी ओढायचं हे थोरलीला कोणी सांगावं लागलं नाही. पुढे एकदा शेजारच्या नर्सबाई एका बाईला दुकानात घेऊन आल्या. औषधांनी तिचे केस गेले होते. नाटकातल्या राणीचा विग डोक्यावर ठेवून ती बाई आरशात बघत राहिली आणि म्हणाली, ही मी नाही. त्या एका वाक्यानं थोरलीची झोप उडवली. वर्षभरात तिनं राहत्या घराच्या खालच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि स्वतःचं काम थाटलं. लोक त्याला टोपघर म्हणू लागले आणि तेच नाव कायम झालं.

बाहेरच्या खोलीत एक आरसा आणि त्याच्यासमोर एक खुर्ची. आतल्या खोलीत खिडकीखाली लांब टेबल आणि त्यावर ओळीनं लाकडी डोकी. विग म्हणजे बारीक जाळी, आणि तिच्यात आकड्याच्या सुईनं मारलेल्या हजारो गाठी. डोक्यावर दोन-दोन तीन-तीन केस एका गाठीत चालतात, पण कपाळाच्या कडेला एका वेळी एकच केस. तिथं जी घाई करते तिचा विग लांबूनच ओरडतो, की मी विग आहे.

हे सगळं विग करणारे कुठेही करतात. थोरलीचा मात्र एक नियम होता, जो या धंद्यात दुसऱ्या कोणाचा नव्हता. बाईनं केस जायच्या आधी यायचं. आली की आरशावर कापड टाकायचं, तिला खुर्चीत बसवायचं, चहा द्यायचा आणि अर्धा-पाऊण तास नुसतं बोलायचं. बोलताना थोरली केसांकडे बघायचीच नाही, ती बघायची हातांकडे. कोणी बोलता बोलता बट कानामागे सारतं. कोणाला राग आला की मानेवरचे केस उचलायची सवय असते. कोणी वेणीचं टोक बोटाला गुंडाळत बसतं. केस गेले तरी हात काही सवय सोडत नाही, तो वर जाणारच, आणि तिथं त्याला काहीतरी सापडायला हवं, असं तिचं म्हणणं. भांग कुठे, दाट कुठे, विरळ कुठे, हे ती त्या हातावरून ठरवायची. डोक्याचं माप घेणारी टेप अगदी शेवटी निघायची. म्हणून तिचा विग घातलेली बाई थोड्याच दिवसांत विसरून जायची की डोक्यावरचं आपलं नाही.

पण धंदा म्हटला की नुसते विग करून भागतं थोडंच? केसांच्या व्यापाऱ्याशी घासाघीस, आलेले केस धुणं-वाळवणं, जुने विग दुरुस्त करणं, फोन, वीजबिल, नव्या बायकांना शिकवणं, घरमालकाशी नळावरून भांडण. थोरली सगळं स्वतः करायची, कारण दुसऱ्यानं केलेलं तिला पटायचं नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं आई तिला जेवताना ऐकवायची. कपाळाची कड विणायला बसावं तर फोन वाजे, फोन ठेवावा तर दारात कोणी उभं. परत येऊन बघावं तर सुटलेली गाठ कुठली तेच सापडत नसे.

एका आठवड्यात नळाची पाइप फुटली आणि आतल्या खोलीत पाणी शिरलं. थोरली प्लंबरच्या मागे धावली, मग घरमालकाच्या मागे धावली, मग भिजलेले केस उन्हात घालत बसली. एका बाईचा विग कपाळापाशी अर्धवट राहिला होता तो तसाच राहिला. तो पुरा झाला तेव्हा तिचा नवरा एकटाच घ्यायला आला. ती गेली होती.  त्यानं विग हातात घेतला, उलटा-सुलटा करून बघितला, चांगला झालाय म्हणाला आणि कागदात गुंडाळून घेऊन गेला. थोरली त्या दिवशी जेवली नाही. नळ दुरुस्त झाला होता आणि बाई वाट बघून गेली होती, एवढंच तिला दिसत होतं.

तेव्हा तिनं धाकटीला फोन केला. धाकटी म्हणजे थोरलीचं शिंग फुटलेलं वासरू. तिचं शिक्षण थोरलीच्या बोटांतून झालेलं. व्यवस्थापन शिकली, एका मोठ्या कंपनीत लागली, आणि लोकांचा वेळ कुठे वाया जातो ते शोधून देण्याचं काम करू लागली. असलं काम असतं आणि त्याचा पगारही मिळतो, याचं आईला कायम आश्चर्य वाटायचं. धाकटी रजा टाकून आली. आधी काही न बोलता तिनं नुसतं बघितलं. थोरली सकाळी काय करते, किती वेळा उठते, कशासाठी उठते. मग एका संध्याकाळी तिनं पिशवीतून दोन रंगांच्या गोल टिकल्यांची पाकिटं काढली, लाल आणि पिवळी, कापडाच्या दुकानात भाव लावायला चिकटवतात तसली.

"ताई, एकच प्रश्न," ती म्हणाली. "हे काम तुझ्याशिवाय कोणी करू शकतं का? करू शकत असेल तर पिवळी. नसेल तर लाल. लाल तेवढं तुझं, बाकी सगळं सोडायचं."

दोघी बहिणी खोल्यांतून फिरल्या. फोनवर पिवळी टिकली. नळावर पिवळी. केसांच्या पोत्यांवर, बिलांच्या डब्यावर, झाडूवर, गॅसवर पिवळी. थोरलीला गंमत वाटू लागली. लहानपणी दोघी घर-घर खेळायच्या तेव्हा धाकटी नेहमी पाहुणी व्हायची आणि थोरली सगळी कामं करायची. आज उलट होतं. आकड्याच्या सुईवर तिनं स्वतः लाल टिकली लावली आणि धाकटीनं टाळ्या वाजवल्या. मग दोघी बाहेरच्या खोलीत आरशासमोरच्या खुर्चीपाशी आल्या.

धाकटी थांबली. तिनं दोन्ही पाकिटं पुढे धरली आणि म्हणाली, हे तू सांग. आता इथं मला थोरलीचा राग येतो, आणि तो लपवायचं मला कारण नाही. तिच्या बोटांत लाल टिकली होती. पण तो आठवडा वाईट गेला होता. ओळीनं तीन बाया त्या खुर्चीत बसून रडल्या होत्या आणि रात्री अंथरुणात पडल्यावरही थोरलीच्या कानात तेच वाजत होतं. शिवाय नवऱ्यानं कागदात गुंडाळलेला तो विग डोळ्यांपुढून हलत नव्हता. आपण गप्पा मारत बसलो नसतो तर तो वेळेवर झाला असता, असं तिनं मनाशी धरलं होतं.

"पिवळी लाव," थोरली म्हणाली. "रडणं ऐकणं हे काही काम नाही."

धाकटीनं लावली. दुसऱ्या महिन्यात नोकरी सोडून ती टोपघरात आली. आता असं म्हणणारे भेटतात, की धाकटीनं सगळं आधीपासून ठरवलं होतं. मला ते खरं वाटत नाही. माणूस पहिल्या दिवशी चोर नसतो. दार उघडं सापडतं, रोज सापडतं, मग एक दिवस त्याला वाटू लागतं की घर आपलंच आहे.

थोरलीनं तिला हातांकडे बघायला शिकवलं. सुरुवातीला बाई गेली की धाकटी पळत आत यायची आणि सांगायची, उजव्या हातानं मागे सारते गं, पण फक्त नवऱ्याचा विषय निघाला की. दोघी हसायच्या. मग धाकटी तेवढंच सांगू लागली जेवढं विगला लागतं. पुढे तेही एखाद्या कारागीर बाईच्या हाती माप आणि चार शब्द, असं येऊ लागलं. थोरलीला त्याचं काही वाटलं नाही. तिला सुख लागलं होतं. खिडकीतला उजेड, हातात सुई, दाराला आतून कडी. मला उठवायचं नाही, अशी तिची सक्त ताकीद होती आणि धाकटी ती सगळ्यांकडून पाळून घ्यायची. विग वेळेवर जाऊ लागले. काम इतकं वाढलं की आणखी दोघी घ्याव्या लागल्या. कागदांवर सह्या लागल्या तर धाकटी बोट ठेवून जागा दाखवायची आणि थोरली न वाचता करायची, कारण कागद हेही पिवळंच काम. आई कौतुकानं म्हणायची, माझ्या पोरी म्हणजे एका घड्याळाचे दोन काटे.

वर्षं गेली. थोरलीच्या कपाळाच्या कडा असल्या होऊ लागल्या की विग उताणा ठेवला तरी जिवंत वाटावा. पण तो कोणाच्या डोक्यावर जातो हे तिला ठाऊक नसायचं. त्याची तिला उणीव भासली का? कधी कधी भासायची. बाहेरून हसण्याचा आवाज आला की ती मान वर करायची, आणि मग पुन्हा खाली घालायची.

त्या दुपारी धाकटी बाहेर गेली होती आणि कारागीर बायका जेवायला वर गेल्या होत्या. दार वाजलं, पुन्हा वाजलं, म्हणून थोरलीच उठली. दारात मास्तरीणबाई. थोरलीच्या अगदी जुन्या गिऱ्हाइकांपैकी, शाळेत गणित शिकवायच्या, पहिला विग थोरलीनंच बोलून-बसवून केलेला. आजार परतला होता म्हणून आता दुसरा वापरत होत्या. थोरलीला आनंद झाला. ती या या म्हणत मागे सरली, तेवढ्यात मास्तरीणबाईंनी झटकन पुढे होऊन तिचा कोपर धरला.

"जपून, ताई," त्या म्हणाल्या. "पायरी आहे."

पायरी होती. गेली कित्येक वर्षं होती. थोरली त्या पायरीवर उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली. मास्तरीणबाईंनी तिला हळूहळू चालवत खुर्चीपर्यंत नेलं, खुर्चीच्या दांड्यावर तिचा हात नेऊन ठेवला, आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठ्यानं म्हणाल्या, की तुमच्या डोळ्यांचं कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. ज्या बाईनं एकेक केस गाठला तिच्यावरच ही वेळ यावी. पण धाकटीनं सगळं सांभाळलं हो, बहीण असावी तर अशी.

थोरलीला वाटलं, ही बाई दुसऱ्याच कोणाशी बोलतेय. मग तिनं विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं? मास्तरीणबाई गोंधळल्या. सगळ्यांनाच ठाऊक आहे, म्हणाल्या. दवाखान्यातही ठाऊक आहे. म्हणून तर नवी जागा घेतली ना? थोरलीनं नव्या जागेबद्दल काही विचारलं नाही. मास्तरीणबाईंच्या विगची डाव्या बाजूची कड उसवली होती ती तिनं दारातूनच बघितली होती. तिनं तो मागून घेतला, तिथंच खुर्चीत बसून सुई चालवली आणि परत दिला. मास्तरीणबाई बघतच राहिल्या. जाताना त्यांनी तिचा कोपर धरला नाही.

संध्याकाळी धाकटी आली तेव्हा थोरली बाहेरच्या खोलीतच बसली होती. कारागीर बायकांना तिनं लवकर सोडलं होतं.

"माझ्या डोळ्यांना काय झालंय?" तिनं विचारलं.

धाकटीनं पर्स खाली ठेवली. खोटं बोलायला ती एक क्षण तयार झाली असावी, पण बोलली नाही.

"बायका विचारायच्या, ताई कुठे आहेत? आतच आहेत, मग भेटत का नाहीत? मी काय सांगायचं होतं? की आमची ताई म्हणते तुमचं रडणं ऐकणं हे काही काम नाही?"

"म्हणून मला आंधळी केलंस."

"आंधळी नाही म्हटलं मी. डोळे थकलेत म्हटलं. पुढचं लोक स्वतः लावतात."

एवढ्यावर थांबलं असतं तर थोरलीनं कदाचित गिळलंही असतं. बहिणीबहिणींत याहून मोठं खोटं गिळलं जातं. पण थोरलीनं नवी जागा विचारली आणि एकेक बाहेर येऊ लागलं. दवाखान्यासमोर औषधांच्या दुकानाच्या वर मजला घेतला होता. दवाखान्याचे दोन डॉक्टर भागीदार होते. टोपघर हे नाव तिकडे जाणार होतं, आणि ते जाऊ देणारी सही थोरलीनं केव्हाच केलेली होती, बोट ठेवलेल्या जागी. डॉक्टरांना सांगितलं होतं, की मोठी बहीण डोळ्यांमुळे थांबतेय. वर्षभर बोलणी चालली होती. त्या वर्षात दोघी रोज ताटाला ताट लावून जेवल्या होत्या.

"आणि गाठी?" थोरलीनं विचारलं. "विग कोण करणार?"

"बाहेरून तयार येतात आता. मी बघितलेत, ताई. तुझ्यासारखे नाहीत, पण चांगले आहेत. बाईला फरक कळत नाही." धाकटीचा आवाज खाली आला. "आपण तेव्हा काय विचारलं होतं? हे दुसरं कोणी करू शकतं का? गाठी करू शकतात. बाईसमोर बसणं नाही करता येत. मी करून बघितलं, माणसं ठेवून बघितली. तेवढंच एक नाही करता येत."

मग धाकटी घाईघाईनं म्हणाली, की तिकडे तुझी खुर्ची असेल, तू हवं तेव्हा येऊन बस, सगळे मान देतील. बसून काय करू, असं थोरलीनं विचारलं. 

केसानं गळा कापणं ही म्हण इथं इतकी चपखल बसते की लिहायची लाज वाटते. पण दुसरी कुठली लिहू? सुरीनं कापला तर माणूस निदान ओरडतो.

थोरली वर गेली. आई भाजी निवडत बसली होती. थोरलीनं तिला काही विचारायच्या आधीच तिच्या चेहऱ्यावरून कळलं, की हिला ठाऊक आहे. आईनं नाकारलंही नाही. तूच म्हणायचीस ना मला उठवू नका, ती म्हणाली. सांगितलं असतं तर तू कामावरून उठली असतीस. आणि ती तरी परकी आहे का, घरातलं घरातच आहे ना? थोरलीला धाकटीच्या बोलण्यानं रडू आलं नव्हतं, ते इथं आलं. रडताना तिला आईकडे बघवेना म्हणून तिनं शेंगा पुढ्यात ओढल्या आणि निवडू लागली. आईनं तिला रडू दिलं. पण जवळ घेतलं नाही, कारण धाकटी कुठल्याही क्षणी वर येणार होती आणि आईला दोघींचीही व्हायचं होतं.

पुढच्या महिन्यात धाकटी गेली. कारागीर बायकाही गेल्या, त्यांना तिकडे समोरच्या खोलीतली कामं मिळाली. एक जण जाताना पाया पडली, एक जण न भेटताच गेली. आईनं काही दिवस इथं आणि काही दिवस तिथं, असं वाटून घेतलं. थोरलीजवळ दोन खोल्या, लाकडी डोकी आणि सुया राहिल्या. मोडली तरी ती वाकणारी बाई नव्हे. तिनं ठरवलं, की जुन्या एकेक बाईकडे जायचं आणि सांगायचं की माझे डोळे धड आहेत.

पहिली मास्तरीणबाईंकडे गेली. त्यांनी तिला आत बसवलं आणि ती काही बोलायच्या आधीच म्हणाल्या, की मला ठाऊक आहे, मी त्या दिवशी बघितलं. तुमच्या बहिणीनं हे बरं केलं नाही. थोरलीला इतकं हायसं वाटलं की ती लगेच म्हणाली, तर मग तुमचा नवा विग मी करते. तेव्हा मास्तरीणबाई खिडकीबाहेर बघू लागल्या.

"माप तिकडे दिलंय मी," त्या म्हणाल्या.

"ती खोटं बोलली ते ठाऊक असून?"

"ठाऊक असून. आजार परतला तेव्हा घरी कोणाला सांगायच्या आधी मी तिला सांगितलं होतं, ताई. तिला माझं सगळं ठाऊक आहे. आता पहिल्यापासून कोणाला सांगू?"

त्यांनी थोरलीच्या हातावर हात ठेवला. तो हात झटकावा असं थोरलीला फार वाटलं. पण आजारी बाईचा हात, तिनं तो तसाच राहू दिला. त्यानंतर ती दुसऱ्या कोणाच्या घरी गेली नाही.

पण धंदा काही घरोघर जाऊन होत नाही, गिऱ्हाईक दारात यावं लागतं, अशी तिनं स्वतःची समजूत घातली. पावलं वाजली की ती कान द्यायची. शेवटी एका सकाळी एक बाई खरोखरच आली. उंच, सावळी, केस अजून सगळे जागेवर. नव्या जागेचा पत्ता तिला ठाऊक नसावा.  थोरलीनं आरशावर कापड टाकलं, बाईला बसवलं, चहा केला आणि समोर स्टुलावर बसली. आता काय वाट्टेल ते होवो, ही बाई आपली, असं तिनं मनाशी म्हटलं.

बाईनं कप दोन्ही हातांत धरला. मग बोलू लागली. दोन्ही मुलं परगावी शिकायला होती. त्यांची परीक्षा होईपर्यंत त्यांना काही कळू द्यायचं नव्हतं. फोनवर ती रोज हसून बोलायची आणि फोन ठेवल्यावर न्हाणीघरात जाऊन बसायची. थोरला पोरगा चलाख, त्याला आवाजावरून संशय आला होता. बोलता बोलता बाईचा हात वर गेला.

थोरलीची नजर हाताच्या मागोमाग कपाळावर गेली आणि तिथंच अडकली. डाव्या बाजूला केसांचा एक बारीक भोवरा होता. असला भोवरा गाठींनी उतरवणं म्हणजे कसोटी. मुळाशी उलट गाठ, मग एक आडवी, मग सुटा केस. जाळी अगदी तलम लागेल. वर्षानुवर्षांच्या सवयीनं तिची बोटं मांडीवर हलायला लागली.

"मान जरा सरळ," ती म्हणाली. "हं, अशीच."

बाई बोलायची थांबली. थोरलीच्या लक्षात आलं आणि तिनं गडबडीनं म्हटलं, बोला ना, तुम्ही बोला. बाई बोलेना.  काहीतरी विचारायला हवं होतं. पूर्वी थोरलीला दुसऱ्या कोणाला विचारता येणार नाहीत असे प्रश्न सुचायचे. आता तिनं जे पहिलं तोंडाला आलं ते विचारलं.

"मुलं आहेत का तुम्हाला?"

बाईनं तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. हल्ली डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडताना ती तशी बघत असावी. आहेत, असं म्हणून तिनं कप खाली ठेवला आणि पिशवी उचलली. थोरलीनं टेप काढली, पण बाई म्हणाली की आज नको.

दारापाशी ती वळली.

"मला कोणीतरी सांगितलं होतं, इथं एक बाई बसतात. त्यांच्याजवळ बोललं की हलकं वाटतं. त्या आज नाहीत का?"

ते कोणी आणि कधी सांगितलं होतं, फार जुन्या काळातलं थोरलीबद्दलच कोणी बोललं होतं की हल्लीचं धाकटीबद्दल, हे थोरलीला विचारता आलं असतं. ती विचारायला भ्याली.

"त्या इथं नसतात आता," ती म्हणाली. "दवाखान्यासमोर औषधांचं दुकान आहे, त्याच्या वर. माझी धाकटी बहीण आहे ती. तिला सांगा, ताईनं पाठवलंय."

बाई पायरी उतरली.

"नाही, नका सांगू," थोरली मागून म्हणाली. आणि बाई कोपऱ्यावर भलतीकडेच वळायला लागली तेव्हा तिनं हाक मारून तिला थांबवलं आणि रस्ता पुन्हा एकदा नीट सांगितला.